अडीच फुटांच्या मातीच्या भिंतीपलीकडे वायफाय न्यायचं कसं?

नमस्कार मंडळी. आज मी बसलोय आमच्या वाड्याच्या माजघरात. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, वरती धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि ही बघा भिंत. पांढऱ्या मातीची, अडीच फूट जाड. या कोनाड्यात हात कोपरापर्यंत जातो, तरी पलीकडची बाजू लागत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री तापलेलं असताना आत गारवा राहतो तो हिच्यामुळे. आणि माझी बहीण वर्षभर रात्री ओसरीत बसून, डास मारत स्पर्धा परीक्षेचे क्लास बघत होती, तेही हिच्यामुळेच.

(फोन कॅमेऱ्याजवळ) वायफाय मोजायचं कोणतंही फुकट ॲप घ्या आणि घरभर फिरा. आकडा उणे असतो. ओसरीत राउटरपाशी आला उणे ४४, इथे माजघरात उणे ८४. फरक ४० चा दिसतो, पण हे मोजमाप असं आहे की दर १० ला ताकद दहापट कमी होते. म्हणजे इथे दहा हजारावा हिस्सा पोचतो! व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे ६५ च्या आसपास तरी हवं.

भिंत वायफायची लहर गिळते, आणि ओली भिंत जास्त गिळते. म्हणून पावसाळ्यात तक्रारी वाढतात. शिवाय लहर तिरकी आली तर अडीच फुटांची भिंत तिला साडेतीन-चार फुटांची पडते. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान खरा, पण अशा भिंतीत तो आधी दम तोडतो. २.४ थोडा जास्त आत जातो.

खर्च करण्याआधी एक करा. राउटर लोखंडी आलमारीवर किंवा गव्हाच्या टिनाच्या कोठीमागे असेल तर काढा. खिडकीतला कूलरही बघा. टिनाची बॉडी, आत टाकीभर पाणी, म्हणजे खिडकीतून येणारी लहरही अडली. आमच्याकडे नुसता कूलर दुसऱ्या खिडकीत नेला तर उणे ८४ चं उणे ७७ झालं. पुरेसं नव्हतं, पण फुकट होतं.

मग मी एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, आणला आणि माजघरातच लावला. चूक तिथेच झाली. जिथे सिग्नल पोचत नाही तिथे तो पुढे काय वाटणार? अर्ध्या वाटेवर ठेवला तरी स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. माझं स्पष्ट मत आहे: अशा घरात लहरीला भिंतीतून ढकलू नका. राउटरपासून वायर न्या, आणि लहर भिंतीच्या या, माजघराच्या बाजूला सोडा.

वायर कॅट-६ घ्या, म्हणजे नेटवर्कची केबल, शुद्ध तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती घेऊ नका. एका तुकड्याला १०० मीटरपर्यंत चालते, वाड्याला २५-३० मीटर पुरे. मातीच्या भिंतीला हॅमर ड्रिल लावू नका, पोपडे नाही, ढेकळं पडतात. दाराच्या चौकटीवरची किंवा तुळईखालची फट शोधा. भोक पाडायचंच असेल तर गिरमिटाने, सावकाश. आत पीव्हीसी पाइप घाला, नाहीतर उंदीर वायर कुरतडतात. लाइटच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवा.

आता कनेक्टर. हे जवळून बघा. क्लिप खाली, तारा आपल्याकडून आत. डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. वरचं जाड आवरणही कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि महिन्याभरात एखादी सुटते.

दुसऱ्या टोकाला घरातला जुना राउटर चालतो. त्याची सेटिंग उघडा, पत्ता बदला, समजा पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम, बंद करा; ते पहिला राउटर करतो. वायर लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) भोकात लावा, वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) नाही. इथेच बहुतेकांचं अडतं. नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच, चॅनल मात्र वेगळा: एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११.

आणि हे कळकळीने सांगतो: हीच तांब्याची वायर अंगणातून गोठ्यापर्यंत नेऊ नका. जून लागला की आपल्याकडे विजा कशा पडतात ते तुम्हाला माहीत आहे. जवळपास वीज पडली तरी वायरीत झटका येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जळतात. दोन इमारतींमध्ये फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साध्या वायरीला जोडणारा डबा. काचेतून वीज वाहत नाही. फक्त त्यात लोखंडी तार नसलेली केबल मागा.

लाइट जाते तेव्हासाठी दोन्ही राउटरना छोटे यूपीएस लावलेत. एकालाच लावलं तर माजघर पुन्हा बंद.

आता आकडा बघा. उणे ४८. बहिणीचा क्लास साडेआठला सुरू होतो, तिची चटई इथेच अंथरायची आहे, म्हणून मी उठतो.