सस्क्वेहॅनावर स्मॉलमाऊथ बास: आधी पाणी बघा, मग गळ टाका

नमस्कार मंडळी! आज मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आहे, हॅरिसबर्ग शहराच्या थोडं वर, सस्क्वेहॅना नदीत, स्मॉलमाऊथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडायला, आणि मागे दिसतोय तो रॉकव्हिल ब्रिज, १९०२ सालचा दगडी रेल्वे पूल, ४८ कमानी. पात्र इथे जवळजवळ मैलभर रुंद आहे पण उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी पाणी गुडघ्याएवढंच, म्हणजे बोट नसली तरी चांगले ग्रिपवाले बूट घालून पाण्यात चालत चालत मासेमारी करता येते.

आता नवीन माणूस काय करतो, आला की लांबात लांब गळ फेकतो. नका करू तसं. आधी पाच मिनिटं नुसतं पाणी बघा.

तो समोरचा दगड बघा. धार त्याच्यावर आपटते, दोन्हीकडून फुटते आणि दगडामागे शांत पाणी राहतं. बास त्या शांत पाण्यात बसतो, कारण धारेशी सतत झुंजायला ताकद लागते, पण खाणं तर धारेतूनच वाहत येतं, म्हणून तो अगदी कडेला असतो, जिथे जोराचं आणि संथ पाणी एकमेकांना घासतं तिथे. फेसाची रेघ दिसतेय? तीच ती कड. आमिष दगडाच्या वरच्या अंगाला, म्हणजे धार येते त्या बाजूला टाका आणि धारेबरोबर त्या रेघेवरून खाली येऊ द्या, ओढू नका, फक्त लाईन सैल पडू देऊ नका.

आमिष कुठलं? याचं आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश, गोड्या पाण्यातला छोटा लॉबस्टरच म्हणा, दगडांखाली राहतो. म्हणून मी हिरवट-तपकिरी ट्यूब जिग लावते, रबराची पोकळ नळी, आत वजनदार हुक, खाली झालर. ती तळाला टकटक लागत आली पाहिजे. लागतच नसेल तर वजन वाढवा, सारखी अडकत असेल तर कमी करा. आणि मासा लागला की दर वेळी झटका बसतोच असं नाही, कधी लाईन नुसती थांबते किंवा बाजूला सरकते, तेव्हाच रॉड उचलायचा.

पहाटे आणि संध्याकाळी मात्र पॉपर, पाण्यावर तरंगणारं आमिष. टाकलं की लाटा विरेपर्यंत थांबा, मग एकदाच हलवा. बास खालून फुटून वर येतो ना, ते बघायला मी कितीही लवकर उठेन! दुपारी ऊन चढलं की परत ट्यूब, आणि जरा खोल जागा.

हा बघा, आला! ब्राँझसारखा रंग, अंगावर उभे पट्टे, आणि जबडा डोळ्याच्या मागे जात नाही. याच्याच जातकुळीतल्या लार्जमाऊथ बासचा जातो, ओळखायची सोपी खूण.

मूळचा हा इथला नाहीच. ओहायो नदीच्या खोऱ्यातून १८५४ मध्ये रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून तो पोटोमॅक नदीत आणला गेला, सस्क्वेहॅनात त्यानंतर आला.

आणि हो, घरी नेऊन कालवण करायचं का, हे कोणीतरी विचारणारच. नाही. नदीच्या या भागात बास पकडला की लगेच सोडायचा असा नियम आहे, आणि काही वर्षं तर मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत त्याच्यामागे जायलाच बंदी होती, कारण तेव्हा नर घरटं राखत असतो, नर हलला की बाकीचे मासे अंडी फस्त करतात. २००५ मध्ये इथे बासची पिल्लं अंगावर जखमा होऊन मोठ्या प्रमाणावर मेली होती, त्यानंतर नियम कडक झाले, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं, कारण वीस इंचाचा बास तयार व्हायला आठ-दहा वर्षं सहज जातात.

म्हणून हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून टाका, हात ओले करूनच मासा धरा, फोटो एकच, आणि मग त्याला पाण्यात सरळ धरा, तोंड धारेकडे. शेपटी मारली की सोडा.