चार ट्रॅकांचा संसार

लंडनच्या अ‍ॅबी रोडवर लोक जातात ते झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढायला. ती गर्दी तिथेच सोडून आपण आत, तिथल्या त्याच नावाच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या देखभाल विभागात जाऊ. या स्टुडिओचा म्हणून जो आवाज जग ओळखतं, तो गायक-वादकांइतकाच तिथल्या पगारी तंत्रज्ञांच्या हातातून आला. आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. टेपवर जागा पुरत नसे.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. सेंट जॉन्स वुड भागातला, अ‍ॅबी रोडवरचा ३ नंबरचा जॉर्जियन बंगला ग्रामोफोन कंपनीने १९२९ साली साडेसोळा हजार पौंडांना घेतला. आपल्याकडे जुन्या घरांत कुत्र्याच्या छापाच्या तबकड्या सापडतात, तीच ही कंपनी. दर्शनी घर तसंच ठेवून मागच्या बागेत तीन स्टुडिओ बांधले. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी एडवर्ड एल्गार यांच्या संचालनाखाली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजला आणि काम सुरू झालं. त्याच वर्षी कंपनी कोलंबिया या दुसऱ्या तबकडी कंपनीशी एकत्र येऊन ईएमआय झाली, आणि डिसेंबरात तिचे अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. जानेवारी १९३४ मध्ये थॉमस बीचम मोझार्टची तालीम घेत असताना याच इमारतीत स्टिरिओ मुद्रण झालंही. बाजारात स्टिरिओ तबकडी यायला मात्र पुढे वीसहून अधिक वर्षं गेली. कंपन्यांचं हे असंच असतं.

आता रॉकच्या काळात येऊ. तेव्हा इथलं वातावरण सरकारी कचेरीसारखं होतं. देखभालीचे तंत्रज्ञ पांढऱ्या कोटात, ध्वनी सांभाळणारे इंजिनियर सूट-टायमध्ये. सत्रं तीन आणि ठरलेली: सकाळी दहा ते एक, दुपारी अडीच ते साडेपाच, संध्याकाळी सात ते दहा. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी अशाच तीन सत्रांत, रात्री थोडा वेळ वाढवून, एका दिवसात दहा गाणी मुद्रित केली. यंत्र दोन ट्रॅकचं, म्हणजे टेपवर एकमेकींपासून स्वतंत्र अशा दोन पट्ट्या: एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. हे स्टिरिओसाठी नव्हतं. मोनो मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक मिसळून शेवटचा एकच आवाज बनवताना, गळा वर-खाली करता यावा, एवढाच हेतू. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला त्यांच्या हाती चार ट्रॅकचं यंत्र आलं, आणि १९६८च्या उन्हाळ्यापर्यंत या स्टुडिओत त्यांचं सगळं काम त्या चारांतच चाललं.

चार ट्रॅकांचा हिशेब नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्टुडर कंपनीचं ‘जे-३७’ हे व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारं यंत्र, टेप एक इंच रुंद, वेग सेकंदाला १५ इंच. ड्रम, बास, गिटार, गळा, झाले चार ट्रॅक. आता पियानो हवाय. मग या चारांचं मिश्रण दुसऱ्या यंत्रावरच्या एका किंवा दोन ट्रॅकांवर उतरवायचं आणि उरलेले मोकळे करायचे. ही झेरॉक्सची झेरॉक्स. दरवेळी वरचे सूर थोडे बोथट होतात आणि टेपची सरसर वाढते. सारख्याच पातळीची दोन मुद्रणं एकत्र केली, तर नुसती सरसरच तीन डेसिबलने चढते. म्हणून उतरवतानाच वरचे सूर जरा जास्त उजळ ठेवायचे, म्हणजे पुढे बोथटले तरी शिल्लक उरतील. खरा घोटाळा मात्र निर्णयाचा. बास आणि ड्रम एकदा एका ट्रॅकवर मिसळले, की ‘बास थोडा वाढवा’ ही मागणी पुरवता येत नाही. वाढवला की ड्रमही वाढतो. शेवटचं मिक्स कसं असेल, ते महिनाभर आधी कानात ऐकू यावं लागे. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनी इंजिनियर जेफ एमरिक यांचं मोठेपण मला इथे दिसतं, युक्त्यांमध्ये नाही.

युक्त्यांपैकी एक मात्र तपशिलात पाहण्यासारखी आहे. गायकाचा आवाज भरदार करायला तोच गळा दुसऱ्यांदा, हुबेहूब गाऊन घेत. यात गायक कंटाळतो आणि एक ट्रॅक खर्ची पडतो. १९६६ साली स्टुडिओचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी यावर तोडगा काढला. टेपयंत्रात टेप आधी मुद्रण करणाऱ्या हेडवरून जाते, मग वाचणाऱ्या हेडवरून. मुद्रणाच्या हेडलाही वाचायला लावता येतं. म्हणजे तोच गळा एकाच टेपवरून दोनदा मिळतो, एकदा किंचित आधी, एकदा किंचित नंतर. आधी मिळणारा आवाज टाउनसेंडनी दुसऱ्या यंत्रात घातला. तिथे तो मुद्रित होऊन वाचला जाईपर्यंत उशीर होतो, आणि तो मूळच्या नंतरच्या आवाजाला येऊन मिळतो.

आता हा उशीर नेमका हवा तेवढा कसा करायचा? यंत्राच्या मोटरचा वेग विजेच्या ५० हर्ट्झला बांधलेला. मोटरला भिंतीतली वीज न देता ऑसिलेटरचा, म्हणजे हव्या त्या हर्ट्झची कंपनं निर्माण करणाऱ्या यंत्राचा, संकेत पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमधून दिला, की ४८ म्हणा किंवा ५२ म्हणा, तसा वेग बदलतो. अंतर वीस-तीस मिलिसेकंदांचं ठेवलं, तर दोन जण गाताहेत असं वाटतं. फार वाढलं की सरळ प्रतिध्वनी ऐकू येतो. शून्याजवळ आलं की दोन आवाज एकमेकांना खातात आणि पोकळ, घोंघावता नाद होतो. तो नाद पुढे मुद्दाम वापरला गेला, ही गोष्ट वेगळी. ऑसिलेटरची चकती एका जागी ठेवून चालत नाही. दोन माणसं कधीच इतकी काटेकोर गात नाहीत, त्यामुळे कृत्रिमपणा लगेच कळतो. म्हणून चकती हाताने सतत हलकी फिरवत राहायची. हे सगळं मिक्सच्या वेळी होत असल्याने ट्रॅक एकही लागत नाही. पण मोनो आणि स्टिरिओ मिक्स वेगवेगळ्या वेळी होत आणि हात दरवेळी वेगळा फिरे. एकाच गाण्याच्या दोन मिक्समध्ये गळ्याचा पोत वेगळा लागतो, त्याचं एक कारण हे.

१० फेब्रुवारी १९६७ला स्टुडिओ वनमध्ये चाळीस वादक बोलावले. बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यातले रिकामे ठेवलेले २४ बार (मात्रांचे गट) भरायचे होते. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून वर चढत जायचं. वाद्यवृंद चार वेळा वाजला, म्हणजे त्यालाच चार ट्रॅक हवेत, आणि गाण्याची टेप तर भरलेली. टाउनसेंडनी एका टेपवर ५० हर्ट्झचा संकेत मुद्रित केला आणि दुसऱ्या यंत्राची मोटर त्यावर चालवली. त्यामुळे दोन्ही यंत्रांचा वेग जुळला, पण सुरुवात जुळेना. एक मोटर क्षणभर आधी वेग पकडे, दुसरी नंतर. टेपवर पेन्सिलने खुणा करून, दोन्ही एकदम सोडून, जमलं नाही की परत गुंडाळून, असं ते मिक्स झालं.

भारतीय वाद्यांचाही याच हिशेबाशी संबंध आला. बीटल्सच्या १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचं नाव छापलेलं आहे. मार्च १९६७ मध्ये स्टुडिओ टूमध्ये गालिचे अंथरून दिलरुबा, तंबोरा, स्वरमंडल आणि तबला यांचं मुद्रण झालं. आणि जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आले. इथे स्टिरिओ यंत्र नव्हतं, तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणलं. खोली नीट ध्वनिबंद नसल्याने कचेऱ्या सुटायच्या वेळी जिन्यावरची धावपळ ऐकू येई आणि मुद्रण थांबवावं लागे. तिथलं एक वाद्यमुद्रण लंडनला नेऊन ६ फेब्रुवारीला चार ट्रॅकच्या टेपवर उतरवलं. दोन ट्रॅक मुंबईचे, दोन गळ्यासाठी मोकळे. ‘द इनर लाइट’ हे बीटल्सचं गाणं ते हेच.

त्याच वर्षी हा हिशेब संपला. आठ ट्रॅकचं थ्रीएम कंपनीचं यंत्र इमारतीत आलं होतं, पण देखभाल विभाग ते वापरायला देईना. ही दिरंगाई लालफितीची, असं सांगितलं जातं. मला ते निम्मंच खरं वाटतं, कारण वेग बदलण्याची आणि गळा दुहेरी करण्याची सोय त्या यंत्रात आहे तशी नव्हती, ती करून घ्यायची होती. बीटल्स थांबले नाहीत. जुलैच्या अखेरीस आठ ट्रॅकसाठी ते ट्रायडंट स्टुडिओत गेले. तिथे झकास वाटलेली टेप अ‍ॅबी रोडवर वाजवली, तर वरचे सूर जवळपास गायब, आणि ते परत उजळावे लागले. ३ सप्टेंबरला आठ ट्रॅकचं यंत्र अखेर स्टुडिओ टूमध्ये आलं. वर्ष संपायच्या आत व्हॉल्व्हचं जुनं मिक्सर काढून टीजी १२३४५ हे ट्रान्झिस्टरचं बसवलं: २४ माइक, आठ ट्रॅक, आणि प्रत्येक माइकच्या वाटेत आवाजाचे चढ-उतार आवरणारा स्वतंत्र लिमिटर-कंप्रेसर. ‘अ‍ॅबी रोड’ या तबकडीचा जो मऊ, गोलसर आवाज आहे, त्यात या बदलाचा मोठा वाटा.

१९७२ साली पिंक फ्लॉइड हे रॉक वादक ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या तबकडीसाठी आले, तोवर १६ ट्रॅक हाताशी होते. तरी त्यातल्या ‘मनी’ या गाण्यासाठी नाण्यांचे, कागद फाडल्याचे, गल्ला उघडल्याचे असे सात आवाज टेपवर घेऊन, पट्टीने मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापले आणि त्यांचं वेटोळं माइकच्या स्टँडभोवतून फिरवलं. सात मात्रांचं, आपल्या रूपक तालाएवढं आवर्तन. १५ इंची वेगाने मिनिटाला १२० मात्रा धरल्या, तर एका आवाजाच्या वाट्याला साडेसात इंच टेप येते. कात्री पाव इंच चुकली, तरी ती मात्रा साधारण सतरा मिलिसेकंदांनी सरकते आणि दर आवर्तनाला तिथेच अडखळते.

आणि हे १६ ट्रॅकही पुरले नाहीत. मूळ वाद्यं दुसऱ्या १६ ट्रॅकच्या टेपवर थोडक्या जागेत उतरवून वर गळे आणि बाकीची वाद्यं चढवली. २००३ मध्ये ध्वनी इंजिनियर जेम्स गथ्री यांनी त्याचं सराउंड मिक्स, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणारं मिक्स, केलं, तेव्हा ते पहिल्या पिढीच्या टेपांकडे परत गेले, त्या दुसऱ्या टेपांशी जुळवून घेतल्या, आणि तीस वर्षांपूर्वी एकत्र दाबलेली वाद्यं पुन्हा सुटी केली.