लिहिण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्या कंपन्यांविषयी

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

कंपनीने लोकांसाठी लिहायचे ठरवले तर वाचनीय आणि पारदर्शक विषय कसे निवडावेत, यावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. निवडीच्या कसोट्या मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी एक जुनी तक्रार मांडण्याची मुभा मी घेतो, कारण ती ऐकून घेणारे श्रोते मला क्वचितच मिळतात.

हिशेबाची संगणकप्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीत (नाव सांगत नाही, तेथे अजून माझे मित्र आहेत) दरमहा ग्राहकांसाठी लेख तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. विषय ठरवण्यासाठी बैठक भरत असे. संस्थापकांचे विचार, मिळालेला पुरस्कार, नव्या कार्यालयाचे उद्घाटन आणि उद्योगाचे उज्ज्वल भवितव्य हे चार विषय आलटून पालटून येत, आणि ते संपले की "आपल्याकडे लिहिण्यासारखे काही घडतच नाही" असा निष्कर्ष निघे. गंमत अशी की बैठकीच्या खोलीला लागूनच ग्राहकसेवेचे टेबल होते आणि आमची चर्चा चालू असताना भिंतीपलीकडचा फोन एक क्षण थांबत नसे. तेथे बसणाऱ्या बाईंनी वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे स्वतःसाठी एका फाइलमध्ये उतरवून ठेवली होती: कोणत्या पडद्यावर जायचे, कोणते बटण दाबायचे, आणि ग्राहक चिडलेला असेल तर सर्वप्रथम काय सांगायचे. कंपनीतले सर्वांत उपयुक्त लेखन त्या फाइलमध्ये होते, आणि ते कंपनीबाहेर जावे असे कोणालाही वाटले नव्हते.

एका सुधारित आवृत्तीनंतर काही ग्राहकांना जुन्या पावत्या दिसेनाशा झाल्या. त्या बाईंच्या फाइलच्या आधारे मी लेख लिहिला. त्याचे पहिले वाक्य असे होते: "नव्या आवृत्तीतील आमच्या चुकीमुळे काही ग्राहकांना जुन्या पावत्या दिसत नाहीत, पावत्या सुरक्षित आहेत, आणि त्या पुन्हा दिसाव्यात म्हणून पुढील तीन गोष्टी कराव्यात." हे वाक्य मंजुरीसाठी निघाले. कायदा विभागाने "आमच्या चुकीमुळे" काढून "काही तांत्रिक कारणास्तव" असे घातले. विक्री विभागाला "दिसत नाहीत" हे शब्द भीतिदायक वाटले. जाहिरात विभागाने ग्राहकांना "आमच्या परिवारातील सदस्य" करून टाकले. शेवटी वरिष्ठांनी सुरुवात थोडी सकारात्मक असावी असे सुचवले आणि पुढील वाक्य प्रसिद्ध झाले: "उत्कृष्टतेच्या आमच्या निरंतर प्रवासात, काही तांत्रिक कारणास्तव, आमच्या परिवारातील काही सदस्यांना वेगळ्या अनुभवास सामोरे जावे लागले असण्याची शक्यता नाकारता येत नाही." त्या तीन गोष्टी जागेअभावी गाळल्या होत्या. आपण हसता आहात, पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी अशा वाक्यावर मंजुरीची सही केलेली असणार, अशी मला दाट शंका आहे.

या मंडळींपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. प्रत्येकाने आपल्या विभागापुरता धोका कमी केला, आणि सर्वांचा धोका कमी होता होता वाचकाच्या हाती काहीच उरले नाही. कंपन्यांचे लेखन नीरस होते ते लेखणीच्या दोषामुळे, असा समज आहे. मला त्याचे कारण मंजुरीच्या या साखळीत दिसते. उत्तम लेखक नेमून हे सुधारत नाही. फार तर "निरंतर प्रवास" अधिक लालित्यपूर्ण होतो.

आता याच्या अगदी उलट वागलेल्या कंपनीकडे वळतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. क्षणभरात चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइट एवढीच माहिती उरली होती. पुढे कळले की नेहमीच्या बॅकअपची प्रक्रिया आवृत्त्या न जुळल्यामुळे अयशस्वी होत होती आणि ती अयशस्वी झाल्याची सूचना देणारे ईमेल पोचतच नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून बाकीचे वाचले. मधल्या काळातली माहिती मात्र कायमची गेली.

अशा रात्री आपल्या ओळखीच्या बहुतेक कंपन्यांनी "देखभालीचे काम चालू आहे" अशी पाटी लावली असती. गिटलॅबने दुरुस्तीची टिपणे सर्वांना वाचता येतील अशी खुली ठेवली, दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, आणि काही दिवसांनी सविस्तर अहवाल लिहून एकामागून एक "असे का झाले" हे प्रश्न स्वतःलाच विचारले. एका थकलेल्या माणसाच्या बोटांवर ते थांबले नाहीत. बॅकअपची चाचणी नियमितपणे करण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, इथवर ते गेले. आपल्या बॅकअपमधून माहिती खरोखर परत मिळते का, हे तपासण्याची बुद्धी तो अहवाल वाचून अनेकांना झाली असेल. मला हा अहवाल फार आवडतो, आणि तो आवडण्याचे कारण त्यातली नम्रता हे नव्हे. नम्रता कोणालाही लिहिता येते. त्यात आकडे आहेत, घटनांचा क्रम आहे, आणि वाचकाला पडताळून पाहता येईल असे बरेच काही आहे.

संकेतस्थळांना वेग आणि सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने २ जुलै २०१९ रोजी आपली सेवा बंद पडली त्याविषयी असेच केले. मजकुरातले नमुने शोधणारी एक सदोष सूत्ररचना नव्या नियमात गेली, जगभरच्या त्यांच्या यंत्रांची प्रक्रियाशक्ती तिने गिळून टाकली, आणि सेवा २७ मिनिटे विस्कळीत झाली. त्यांच्या लेखात क्षमायाचना आहेच, पण त्यापुढे अशी सूत्ररचना यंत्राला का दमवते याचे सचित्र विवेचनही आहे, इतके की विद्यार्थ्याने ते पाठ म्हणून वाचावे. चूक कबूल करणारा मजकूर एकदा वाचून होतो. चूक समजावून देणाऱ्या मजकुराकडे लोक पुन्हा परततात.

मात्र कबुलीचीही एक फॅशन होते, हे विसरू नये. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी १९९३ मध्ये डेक्स्टर ही पादत्राणांची कंपनी विकत घेतली आणि तो आपला सर्वांत वाईट व्यवहार होता असे २००७ सालच्या भागधारकांच्या पत्रात लिहिले. ते प्रांजळ आहे, पण तोवर त्यांचे इतके काही यशस्वी झाले होते की या कबुलीने त्यांची शोभाच वाढली. अनेक वर्षांनी सांगितलेली चूक आणि त्याच आठवड्यात सांगितलेली चूक यांना एकच माप लावता येणार नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. आश्वासन दिलेला भाग अद्याप व्हायचा आहे, तेव्हा तो घाईने सांगतो.

पहिली कसोटी अशी की विषय ग्राहकाच्या प्रश्नातून आलेला असावा. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न किमतीचा असतो आणि सर्वांत कमी लेखन त्याच्यावरच होते. "प्रत्येक काम वेगळे असते" ही सबब खरी आहे, पण काय केले की किंमत वाढते आणि काय केले की उतरते, हे सांगायला ती आड येत नाही. अमेरिकेतील रिव्हर पूल्स या पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या कंपनीने मंदीच्या काळात नेमके हेच लिहिले, आपल्या तलावांचे दोष लिहिले, प्रतिस्पर्ध्यांची नावेसुद्धा दिली, आणि त्या लेखांतूनच तिला ग्राहक मिळाले. दुसरी कसोटी: लेखात कंपनीला थोडे अडचणीचे वाटेल असे एक तरी वाक्य असावे. ते नसेल तर विषय बहुधा पुरस्काराचाच निघतो. तिसरी: विषय त्या कंपनीलाच लिहिता यावा, इतका तिच्या कामात रुतलेला असावा. किर्लोस्कर कारखान्याने १९२० मध्ये "किर्लोस्कर खबर" ही पत्रिका सुरू केली, त्या काळीही कारखान्यातली माहिती कारखान्याखेरीज कोण देणार होते? उद्योगाचे उज्ज्वल भवितव्य मात्र कोणीही लिहू शकतो, आणि सगळे लिहितात.

पारदर्शकतेच्या मर्यादाही दोन वाक्यांत सांगतो. ग्राहकाची खासगी माहिती, बुजवायची राहिलेली सुरक्षेतील फट आणि चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव या गोष्टी बाहेर जाऊ नयेत. पगाराविषयी मतभेद आहेत. समाजमाध्यमांसाठी प्रणाली बनवणाऱ्या बफर या कंपनीने २०१३ मध्ये सर्वांचे पगार, ते ठरवण्याच्या सूत्रासह, जाहीर केले, पण आधी सूत्र ठरवावे आणि मगच जाहीर करावे, कारण सूत्राविना नुसते आकडे छापले तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात काम होणार नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा मंजुरीच्या साखळीवरचा उपाय एवढाच सांगतो. लेख तपासणाऱ्यांनी तथ्य चुकीचे असेल तर ते दुरुस्त करावे. वाक्य नुसते बोचत असेल तर त्यावर लेखी कारण द्यावे आणि त्याखाली आपले नाव लिहावे. मी एका ठिकाणी हा नियम लावून पाहिला. सुचवलेले बदल निम्म्यावर आले, आणि उरलेल्यांपैकी काही खरोखरच चांगले होते. प्रश्न असतील तर विचारावेत. कायदा विभागातील कोणी येथे उपस्थित असल्यास त्यांना पहिली संधी.