शुक्रवारी चुलीवर, शनिवारी ताटात

मित्रहो, रायगड जिल्ह्यातील जुन्या मंडळींना 'शनवार तेली' हे नाव अजून आठवत असेल. कोकणातील बेने इस्राएल हा ज्यू समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गावाने त्यांना ते नाव दिले. आज ज्यू समाजांच्या पावांविषयी बोलताना मी सुरुवात या बंद घाण्यापासून करतो, कारण ज्या नियमाने तो घाणा थांबत असे, त्याच नियमाने येमेनपासून पोलंडपर्यंतच्या भट्ट्यांना वळण लावले.

बायबलमधील निर्गम ग्रंथाच्या ३५व्या अध्यायात आज्ञा आहे की शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी घरात विस्तव पेटवू नये. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधीपासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत नवा जाळ करायचा नाही. मात्र आधीच पेटलेल्या आणि नीट झाकलेल्या निखाऱ्यांवर आधीच चढवलेले अन्न तसेच ठेवायला मुभा आहे. पण शनिवारी सकाळी सिनेगॉगमधून, म्हणजे प्रार्थनास्थळातून, परतलेल्या कुटुंबाला गरम पाव हवा असेल, तर तो रात्रभर भट्टीत राहूनही करपणार नाही, असा करावा लागतो. येमेनी ज्यू स्त्रियांनी हे कोडे ज्या कौशल्याने सोडवले, त्याला माझ्या मते जगाच्या पाककलेत फार थोड्या जोडी आहेत.

त्यांचा 'कुबाने' हा आंबवलेल्या कणकेचा पाव. कणीक सैल मळायची, फुगू द्यायची, तिचे उंडे करून प्रत्येक उंडा लोण्याच्या हाताने पातळ पसरायचा, गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळ्या घट्ट झाकणाच्या भांड्यात एकमेकींना लागून उभ्या बसवायच्या. घरच्या ओव्हनमध्ये साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअसवर आठ-दहा तास ठेवले की काम होते. झाकणामुळे कणकेतील वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाव वाळत नाही. आणि मंद आच इतका वेळ मिळाल्यामुळे त्याचा रंग मधासारखा होतो व चवीत एक खोल गोडवा उतरतो. त्याच भांड्यात सालासकट ठेवलेली अंडीही सकाळपर्यंत तपकिरी होतात. 'जाख्नून' हा त्याचा भाऊबंद, पण त्यात खमीर नसते. तिथे कणीक पलीकडचे दिसावे इतकी ताणतात, स्निग्ध पदार्थ चोपडून वळकटी करतात आणि रात्रभर भाजतात, म्हणून त्याला असंख्य पदर सुटतात. दोन्हींबरोबर किसलेला टोमॅटो आणि हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण यांची 'झूग' नावाची तिखट चटणी असते, जी आपल्या जिभेला अजिबात परकी वाटत नाही. १९४९-५० मध्ये सुमारे ४९,००० येमेनी ज्यू विमानांनी इस्राएलला नेले गेले आणि हे पाव त्यांच्याबरोबर गेले. आज तिथे शनिवार सकाळचा जाख्नून येमेनी नसलेल्या घरांतही आवडीने खाल्ला जातो.

पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंनी वेगळा मार्ग धरला. त्यांचा 'खल्ला' शुक्रवारीच भाजून तयार असतो. तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहावा याला कणकेतील अंडी आणि तेल यांची मदत होते. दूध आणि मांस एका जेवणात चालत नाही, म्हणून लोणी टाळतात. टेबलावर दोन पाव झाकून ठेवतात, कारण रानातील भटकंतीत इस्राएल लोकांना देवाकडून मिळणारे 'मान्ना' हे अन्न शुक्रवारी दुप्पट मिळे, अशी कथा आहे. अनेक घरी प्रत्येक पाव सहा पेडांचा विणतात. दोन्हींचे मिळून १२ पेड होतात आणि ते जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात मांडल्या जाणाऱ्या १२ भाकरींची आठवण मानले जातात.

'खल्ला' हा शब्द मुळात या पावाचा नाही. बायबलमधील गणना ग्रंथाच्या १५व्या अध्यायानुसार मळलेल्या कणकेतील जो वाटा याजकासाठी, म्हणजे मंदिराच्या पुरोहितासाठी, काढायचा, त्याचे ते नाव. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर नष्ट झाले, तरी आजही पुरेशी मोठी कणीक मळली की स्त्रिया आशीर्वचन म्हणून एक लहानसा गोळा काढतात आणि तो जाळून टाकतात. हा नियम गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट (गव्हाचा एक जुना प्रकार) या पाच धान्यांनाच लागू आहे. 'पाव' म्हणून आशीर्वचनही त्यांच्याच भाकरीवर म्हणतात. तांदूळ त्यात नाही, टेफही नाही. इथिओपियाच्या बेटा इस्राएल या ज्यू समाजाचे रोजचे अन्न म्हणजे टेफ या बारीक धान्याची इंजेरा नावाची भाकरी. रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, परंपरेपासून तो समाज शतकानुशतके दूर होता, तरीही शब्बाथसाठी तो गव्हाचा जाड 'दाबो' करी. भातावर वाढलेल्या आपल्या कोकणातील बेने इस्राएलांनी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने 'मलिदा' म्हणून जे ताट सजवले, त्यात पोहे, ओले खोबरे, गोड आणि फळे आली. त्या मलिद्याला पाव म्हणता येणार नाही, पण या मातीचे धान्य पूजेत कसे शिरले हे तो दाखवतो.

वल्हांडण या ज्यूंच्या सणात तर खमिराला घरातच जागा नसते. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत मात्सा, म्हणजे बिनखमिराची पातळ भाकरी, भाजून निघाला पाहिजे, म्हणून तो लाटताच टोचून तापलेल्या भट्टीत जातो. सणाचे आठ दिवस संपतात त्या रात्री मोरोक्कोच्या ज्यू घरांत मिमूना नावाचा उत्सव साजरा होई. घरात ना पीठ असे ना खमीर. तेव्हा मुसलमान शेजारी पीठ, खमीर, लोणी, मध घेऊन येत. त्या पिठाची कणीक तेलाच्या हाताने पातळ पसरून तव्यावर टाकत, उलटत, तिच्यावर दुसरी पोळी ठेवून पुन्हा उलटत, आणि अशी एकीवर एक मुफ्लेता नावाच्या या पोळ्यांची चवड रचत. लोणी-मध लावलेली ती गरम चवड आणून देणारे आणि भाजणारे मिळून खात. दरवाजे त्या रात्री उघडेच असत.