शेजारच्या एजंटवर किती विश्वास ठेवायचा?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय भलामोठा छापलाय, 'सहकार्य करणारे सॉफ्टवेअर एजंट: काल आणि आज'. एजंट म्हणजे नेमून दिलेलं काम स्वतः निर्णय घेत करणारा प्रोग्रॅम. विषय सगळा तासाभरात उरकणार नाही हे आत्ताच दिसतंय, पण मला मनापासून सांगायचंय ते एकच. चार प्रोग्रॅम एकमेकांना निरोप पाठवायला लागले की लोक त्याला सहकार्य म्हणतात, पण शेजाऱ्याचं कधी ऐकायचं आणि कधी नाही हे प्रत्येकाला ठरवता येत नसेल तर ते सहकार्य नाहीच. या प्रश्नावर चाळीसेक वर्षांपूर्वी फार सुंदर काम झालंय आणि आज एजंट बनवणारी हुशार हुशार पोरं ते उघडूनही बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवात हिअरसे-टू पासून करू. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत बोललेलं इंग्रजी समजून घेणारा हा प्रोग्रॅम बनला, राज रेड्डी, व्हिक्टर लेसर, ली एर्मन ही मंडळी त्यात होती. तर अडचण अशी की आवाज कधीच स्वच्छ नसतो. मग त्यांनी काय केलं, वेगवेगळे तज्ज्ञ प्रोग्रॅम बनवले, एक आवाजाचे तुकडे पाडणारा, एक त्यातून शब्द ताडणारा, एक वाक्यरचना बघणारा, आणि सगळ्यांना मिळून एक फळा दिला, म्हणजे सगळ्यांना लिहिता-वाचता येईल अशी मशीनमधली एक सामाईक जागा. कोणी कोणाला थेट हाक मारायची नाही, आपला अंदाज फळ्यावर लिहायचा आणि तो किती पक्का वाटतो तेही सोबत लिहायचं. वाक्यरचनेवाला म्हणणार, इथे क्रियापद असायला हवं, की शब्दवाला परत त्या तुकड्याकडे बघणार. खरं सांगायचं तर हजार शब्दांतलं बोलणं समजण्याची परीक्षा झाली तेव्हा तिथलीच हार्पी नावाची दुसरी सिस्टीम सरस ठरली आणि हार्पीत असला फळा-बिळा काही नव्हता, सगळं एकाच मोठ्या जाळ्यात आधीच गुंफलेलं होतं. पण फळ्याची कल्पना जगली, कारण अर्धवट माहितीवर अनेकांनी मिळून काम कसं करायचं हे तिने दाखवलं.

लेसर नंतर मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत, अॅमहर्स्टला गेले, आणि डॅनियल कॉर्किलबरोबर त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. एकच फळा नसेल तर? मशीन लांब लांब आहेत, प्रत्येकाचा फळा वेगळा, मधली लाईन बारीक, सगळं सगळ्यांना पाठवणं शक्य नाही. त्यासाठी त्यांनी एक प्रयोगाचं मैदान बनवलं, १९८३ च्या सुमारास त्यावर लेख आला. कल्पना करा, एक मोठा भूभाग, त्यात गाड्या फिरतायत, आवाज टिपणारे सेन्सर जागोजागी. प्रत्येक मशीनला आपल्या वाट्याचा तुकडाच ऐकू येतो, कडेला शेजाऱ्याच्या हद्दीशी थोडं ओव्हरलॅप. गाडी कुठून कुठे गेली हे सगळ्यांनी मिळून शोधायचं, आणि पूर्ण चित्र एकाकडेही नाही. हे सगळं सिम्युलेशनच, पण त्यामुळेच त्यांना हवा तिथे बिघाड घालून बघता आला.

आणि इथेच मला आवडणारी गोष्ट आहे. एखाद्या मशीनला गोंगाटाचा डेटा मिळाला की खऱ्या गाडीच्या शेजारून एक भुताची गाडी जाताना दिसायची. ते मशीन मोठ्या खात्रीने शेजाऱ्याला कळवायचं, बघ, गाडी तुझ्याकडे येतेय. शेजाऱ्याकडे स्वतःचा चांगला डेटा पडलेला असायचा पण तो हातातलं सोडून भुताच्या मागे लागायचा, वेळ तिकडे गेला की खरी गाडी राहिलीच. म्हणजे निरोप जितके जास्त, जितके ठाम, तितका गोंधळ जास्त होऊ शकतो. यावर त्यांचं उत्तर असं की प्रत्येक मशीन थोडं संशयी हवं. बाहेरून आलेलं ऐकायचं, पण आपल्या पुराव्याशी ताडून, आणि कोणाचं किती ऐकायचं याची एक ढोबळ रचना आधीपासून ठरलेली हवी.

आता हे आठवायचं कारण सांगतो. मध्ये एका कंपनीत डेमो बघायला बोलावलं होतं. तीन एजंट, तिघांच्या आत एकच भाषा मॉडेल, म्हणजे मजकूर वाचणारा-लिहिणारा एआय प्रोग्रॅम. पहिला पुरवठादाराचं बिल वाचतो, दुसरा नोंद तयार करतो, तिसरा तपासतो. बिल होतं पेनांचं, '१२ डझन'. पहिल्याने वाचलं १२ नग. दुसऱ्याने त्यावर टॅक्स लावला, बेरीज नीट. तिसऱ्याने लिहिलं, 'तपासलं, सर्व बरोबर.' समोर बसलेल्या कोणालाच खटकलं नाही! मी विचारलं, तिसऱ्याला मूळ बिल दिलंय का? तर नाही, त्याच्याकडे पहिल्याने काढलेला सारांश जात होता. अहो मग तो तपासणार काय? त्याला स्वतःचा सेन्सरच नाही, मेंदू पहिल्याचाच, आणि कागद बघायची सोय नाही. उत्तर मिळालं की आपण चौथा एजंट लावू. मी त्या दिवशी बराच वाद घातला आणि आजही घालीन, कारण हे पेनांच्या जागी औषधांच्या डोसाबद्दल झालं तर माणसाच्या जिवावर बेतेल.

दहा मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आलीय, आणि पत्रिकेवरचा 'आज' अजून सुरूच व्हायचाय. तर भराभर सांगतो.

कामवाटपाचा प्रश्नही जुनाच. रीड स्मिथने १९८० मध्ये कॉन्ट्रॅक्ट नेट मांडलं, ते आपल्या टेंडरसारखं. काम असलेला जाहीर करतो, जमेल तो बोली लावतो, जाहीर करणारा निवडतो, आणि आज काम देणारा उद्या काम घेणारा असू शकतो. आज एजंटांसाठी नवे प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचे ठरलेले नियम, आलेत, २०२४ मध्ये एजंटला बाहेरची साधनं आणि माहिती जोडणारं एमसीपी, २०२५ मध्ये एजंटांना एकमेकांशी बोलू देणारं गुगलचं एटूए. एटूएमध्ये एजंट आपल्याला काय जमतं याचं कार्ड लावून बसतो. चांगलंच आहे, हवंच होतं. पण मला जमतं म्हणणारा आणि खरंच जमणारा यातला फरक कार्डावरून कळत नाही, तो आधीच्या कामाच्या नोंदीवरून कळतो, ती ठेवायची व्यवस्था आपल्याला करायला हवी. निरोपाबरोबर तो कशावरून म्हणतोय हेही गेलं पाहिजे, खात्री किती ते गेलं पाहिजे, आणि घेणाऱ्याला 'मला पटत नाही' म्हणून काम अडवायचा अधिकार पाहिजे.

हे जमतं का, तर जमतं. पिट्सबर्गच्या ईस्ट लिबर्टी भागात २०१२ मध्ये नऊ चौकांवर सरट्रॅक नावाची सिग्नल यंत्रणा बसवली, कार्नेगी मेलनचीच. मधोमध बसून हुकूम सोडणारा कोणी नाही. प्रत्येक चौक आपल्या डिटेक्टरवर गाड्या बघतो, आपलं वेळापत्रक आपण आखतो, आणि पुढच्या चौकाला कळवतो की माझ्याकडून अमुक वेळात इतक्या गाड्या निघतील असं दिसतंय. पुढचा तो अंदाज आपल्या हिशोबात धरतो, पण गाड्या प्रत्यक्ष आलेल्या त्याला स्वतःलाही दिसतात, आणि आखणी सारखी नव्याने होत राहते. प्रवासाचा वेळ साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला.

एडमंड डर्फी यांनी १९८७ मध्ये लेसर यांच्याबरोबर मांडलेलं, एजंटांनी एकमेकांना निकालाऐवजी आपले पुढचे बेत थोडेथोडे सांगायचे, ते आकृतीशिवाय समजणार नाही आणि प्रोजेक्टर आता दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचाय. ज्यांना बघायचंय त्यांनी मागच्या टेबलाशी या, लॅपटॉप चालू ठेवतो. एक-दोन प्रश्न आत्ता घेऊ. हां, निळ्या शर्टातले, बोला.