दोन हातांमधलं वजन

(दृश्य: अ‍ॅस्पेन झाडांचं दाट, कोवळं रान. पुढे कुत्रा, मागे शिकारी.)

अमेरिकेत मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात ऑक्टोबरची पानगळ सुरू झाली, की रफ्ड ग्राउजच्या शिकारीला रंग चढतो. तित्तराच्याच कुळातला हा पक्षी. तोडणीनंतर नव्याने फुटलेल्या अ‍ॅस्पेनच्या दाटीत राहणारा. कुत्रा वास घेऊन थबकतो, पंख धडाडतात आणि पक्षी दिसतो तो जेमतेम सेकंदभर. त्या सेकंदासाठी शिकारी तासन्‌तास चाललेला असतो, आणि दुनळी बंदूक सतत हातात असते.

म्हणून बंदूक निवडताना आधी तिचं वजन बघायचं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने एक जुना हिशेब सांगतात: काडतुसातल्या छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचं वजन असावं. छर्रे २८ ग्रॅम असतील, तर बंदूक साधारण २.७ किलोची. त्याहून फार हलकी घेतली, तर प्रत्येक बाराला खांदा ठेचतो. २५ ग्रॅमवर भागवणाऱ्याला २.४ किलोची वीस बोअर, म्हणजे बारीक नळ्यांची बंदूक, पुरते, आणि दाट रानात तेवढे छर्रे भरपूर झाले.

(दृश्य: कारागीर बंदूक बिजागरीवर उघडून नळ्या रिकाम्या असल्याचं बघतो, मग ती मिटून बोटावर तोलतो.)

वजन ठरलं, की दुकानात सगळेच बंदूक अशी बोटावर धरतात. नळ्यांच्या बिजागरीखाली तोल सापडला, की गिऱ्हाईक खूश. मला ही कसोटी अपुरी वाटते. नळ्या जड असतील, तर दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या) टोकात शिसं भरलं की झालं. बोटावर बंदूक अगदी समतोल राहते. पण आता तिची दोन्ही टोकं जड झालेली असतात. बंदुकीच्या मध्यापासून दुप्पट लांब ठेवलेलं तेवढंच शिसं तिला वळवताना चौपट विरोध करतं. पक्षी झाडाआड जातो आणि नळ्या अजून निघतच असतात.

खरी मेहनत उलट दिशेने करावी लागते. कारागीर नळ्या पुढे पातळ करत नेतो, दस्ता आतून पोखरतो. वजन दोन हातांच्या मध्ये, नळ्या आणि दस्ता जोडणाऱ्या यंत्रणेपाशी म्हणजे अ‍ॅक्शनपाशी गोळा होतं. अशी दुनळी काट्यावर दुसरीएवढीच भरेल, पण नजरेबरोबर वळेल.

नळ्यांचं तोंड अतिहलकं असणंही घातक. अशी बंदूक चटकन सुटते आणि तितक्याच चटकन थांबते, मग बार पक्ष्याच्या मागे जातो. मोंटानाच्या उघड्या गवताळ रानात शार्पटेल ग्राउज लांबून उठतो. तिथे मी पुढे थोडं जास्त वजन असलेली बंदूक घेईन. अ‍ॅस्पेनमध्ये नाही.

(दृश्य: जाड जाकीट घातलेली शिकारी स्त्री दुकानात रिकामी बंदूक खांद्याला लावते.)

निवडायला जाताना रानात घालायचं तेच जाकीट घालावं. नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री करावी. मग बंदूक पंधरा मिनिटं एका हातात धरून उभं राहावं, आणि हात दमल्यावरच ती खांद्याला लावून बघावी.