व्हीआरमधला कॅमेरा कोणाच्या ताब्यात असावा?

नमस्कार. व्हीआर, म्हणजे हेडसेटमधून दिसणारे आभासी जग, याबद्दल तुमच्या प्रतिक्रियांमध्ये एक प्रश्न सतत येतो: "व्हीआर ॲप तयार झाले, पण हेडसेट घातला की मळमळते, असे का होते?" युनिटी हे 3डी ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर घेणे, ॲपला हेडसेटशी जोडणारे ओपनएक्सआर सुरू करणे आणि एक युनिट म्हणजे एक मीटर धरून मोजमापे ठेवणे तुम्हाला येतेच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

व्हीआरमध्ये कॅमेरा म्हणजे पाहणाऱ्याचे डोके असते. ते तुम्ही हलवू नका. तुम्ही ते हलवले, की डोळ्यांना आपण पुढे सरकतो आहोत असे दिसते, पण आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर स्थिर असल्याचे सांगते, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. घरांचे आराखडे दाखवणाऱ्या एका ग्राहकाने माझ्याकडे ड्रोनसारखे उडते दृश्य मागितले होते. मी नकार दिला आणि त्याऐवजी बोट दाखवलेल्या जागी थेट पोहोचवणारे टेलिपोर्ट दिले.

"मी कॅमेऱ्याला हातच लावला नाही," असे काही जण लिहितात. तरीही फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे पुढचे चित्र, उशिरा आली, तर परिणाम तोच होतो. 90 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 90 चित्रे दाखवणाऱ्या, पडद्यावर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे 11 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर मान वळली तरी जग मागे रेंगाळते. म्हणून चित्र तयार करताना वेळ खाणाऱ्या सावल्या आणि पारदर्शक वस्तू आधी कमी करा.

प्रशिक्षणात तर हा नियम अधिकच महत्त्वाचा आहे. आग विझवण्याच्या सरावात धोका कुठे आहे हे शोधणे हेच शिकायचे असते. तिथे तुम्हीच कॅमेरा ज्वाळांकडे वळवला, तर कामगार काय शिकणार? वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने 2017 पासून कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात व्हीआर वापरले. गर्दीच्या दिवशी कुठे लक्ष द्यावे, हे कर्मचाऱ्याने स्वतःच्या नजरेने शोधण्यातच तिथे शिकणे होते. कॅमेरा स्वतः वळवून दाखवण्याची ही दिग्दर्शकाची सवय सोडा, असे मी अगदी कळकळीने सांगतो.

एआरमध्ये, म्हणजे फोनमधून दिसणाऱ्या खऱ्या जगावर आभासी वस्तू ठेवताना, कॅमेरा आपोआपच माणसाच्या हातात असतो, पण तिथे ठेवलेली वस्तू जागेवरून घसरते. गूगलचे एआरकोअर आणि ॲपलचे एआरकिट ही एआरची साधने कॅमेऱ्याचे चित्र व हालचालीचे सेन्सर एकत्र वाचून जागा ओळखतात. त्यामुळे एकसारख्या पांढऱ्या, चकचकीत टेबलावर त्यांना धरायला खूण सापडत नाही. तारा जोडणाऱ्या तंत्रज्ञाला चुकीच्या पिनवर बाण दिसणे परवडणारे नाही, म्हणून चाचणी कारखान्याच्या खऱ्या प्रकाशात आणि खऱ्या टेबलावरच घ्या.